"रेफरलची आवश्यकता नाही" असं लिहिणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

माननीय साहेब आणि मॅडम,

म्हणजे आमच्या कामगार विमा दवाखान्यातले मेडिकल ऑफिसर, विमा हॉस्पिटलात रेफरलच्या, म्हणजे तज्ज्ञाकडे पाठवायच्या चिठ्ठीच्या, टेबलावर बसणारे, आणि त्यांच्याही वर ज्यांच्या सहीशिवाय कागद हलत नाही ते सगळे. नाव कुणाचंच घेत नाही, दवाखान्याचंही नाही, कारण एका माणसाचा राग काढायला मी लिहायला बसलेली नाही. तुमच्यातल्या काही जणांनी माझ्याशी चांगलंच बोलणं केलं, खुर्ची दिली, पाणी विचारलं. पण कागदावर जे लिहिलं ते मला मान्य नाही आणि ते गप्प बसून मान्य करण्याएवढा वेळ माझ्याकडे नाही.

माझ्या केसपेपरवर मागच्या आठवड्यात निळ्या पेनाने लिहिलंय, "जनरल वीकनेस. बी कॉम्प्लेक्स, कॅल्शियम. रेफरलची आवश्यकता नाही. ३ महिन्यांनी दाखवणे." त्याच फायलीला मागे माझा अँटीबॉडीचा, म्हणजे आपल्याच शरीरावर उलटणाऱ्या रक्तातल्या घटकाचा, रिपोर्ट पिनअप केलेला आहे, पॉझिटिव्ह. ज्यांनी वरचं वाक्य लिहिलं त्यांनी मागचं पान उलटलं नाही. मी सांगितलं, साहेब मागे रिपोर्ट आहे, तर म्हणाले बाहेरचा रिपोर्ट इथे चालत नाही.

मला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अमिताभ बच्चनना झाला होता तोच. हे वाक्य मी आता सगळीकडे सुरुवातीलाच टाकते कारण आजाराचं नाव सांगितलं की लोक तोंडाकडे बघतात आणि अमिताभचं नाव सांगितलं की निदान ऐकून घेतात. यात काय होतं तर नसेकडून स्नायूला जो निरोप जातो तो जिथे उतरतो त्या जागेवरच आपलं शरीर स्वतः हल्ला करतं. स्नायू धड असतो, नस धड असते, पण वापरला की स्नायू दमतो आणि विश्रांती दिली की परत येतो. डोळ्याच्या पापण्या, चावणं, गिळणं, बोलणं, हात वर धरणं, आणि वाढलं तर श्वास.

मी पुणे जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जोडलेल्या जुडग्यांच्या, लाइनवर आहे, सहा वर्षं झाली. कनेक्टरमध्ये पिना बसल्या का, वायरचा रंग बरोबर आहे का, हे बघायचं काम. सकाळी आठला मी एकदम ठीक. जेवणानंतर दोन-अडीचच्या पुढे एका कनेक्टरचे दोन दिसायला लागतात, एक जरा वर एक जरा खाली, आणि डावी पापणी खाली यायला लागते. एक डोळा मिटला की एकच दिसतो म्हणून मी बरेच दिवस डोळा मिटून काम काढलं, सुपरवायझरला वाटलं मी डुलक्या घेते. रात्री भाकरी खाताना अर्ध्या भाकरीनंतर जबडा चालत नाही, हाताने हनुवटी खालून धरून चावावं लागतं. पोरीची वेणी घालताना मध्येच हात खाली येतात. फोनवर आईशी बोलताना सुरुवातीला आवाज नेहमीचा आणि शेवटी शेवटी नाकातून, आई विचारते सर्दी झालीय का गं.

आता खरी तक्रार. हा आजार दुपारनंतर दिसतो आणि तुमची ओपीडी सकाळी असते. मी रात्रभर झोपून, सुट्टी टाकून, नऊ वाजता लाइनीत उभी राहते तेव्हा माझी पापणी जागेवर असते. तुम्ही बघता, दोन्ही डोळे उघडे, हात दाबून बघता, जोर आहे, मग हिमोग्लोबिन आणि थायरॉइड लिहून देता, ते नॉर्मल येतं, आणि मग चेहऱ्यावर ते येतं जे मला आता पाठ झालंय. "घरी काही टेन्शन आहे का?" मी सांगते की संध्याकाळी होतं, तर म्हणता आत्ता तर काही दिसत नाही. अहो पण तेच तर लक्षण आहे ना! आत्ता नाही आणि संध्याकाळी आहे, हीच त्या आजाराची खूण आहे, आणि तीच माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाते.

मी मोबाइलमध्ये काढलेला व्हिडिओ दाखवला, संध्याकाळी साडेसहाचा, पापणी अर्ध्यावर आलेली. एका मॅडमनी बघितला, नीट बघितला, आणि डोळ्यांच्या विभागाकडे पाठवलं. तिथे चष्म्याचा नंबर मिळाला. नंतर मानसोपचाराचं रेफरल मिळालं, तेही लगेच, न मागता. मानसोपचाराला माझी ना नाही, गरज असेल त्याने जावंच, पण जे रेफरल मी मागत होते ते न्यूरॉलॉजीचं, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरांकडचं होतं आणि त्याला मात्र "वरून परवानगी" लागते.

शेवटी नणंदेकडून पैसे घेऊन पुण्यात बाहेरच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी काय केलं ते तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण त्याला मशीन लागलं नाही. मला म्हणाले छताकडे बघत राहा, मान न हलवता, फक्त डोळे वर. मिनिटभरात डावी पापणी खाली आली. मग शिपायाला सांगून फ्रिजमधला बर्फ आणला, हातमोज्यात भरून मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला, काढला तर पापणी वर. थंडीने तो निरोप थोडा बरा पोचतो म्हणे. मग एकपासून पन्नासपर्यंत मोठ्याने मोजायला लावलं, पस्तिशीच्या आसपास आवाज नाकात गेला. सकाळी अकरा वाजता हे सगळं झालं, म्हणजे सकाळच्या ओपीडीतही होतं, फक्त स्नायूला आधी दमवावं लागतं. बर्फ आणि हातमोजा तुमच्या दवाखान्यातही आहे, लसींचा फ्रिज मी स्वतः बघितलाय.

पुढे अँटीबॉडीची रक्त तपासणी, तिला माझ्या आठवड्याच्या पगाराइतके पैसे गेले. पॉझिटिव्ह आली. त्यांनी लिहून दिलं की आता नसांची तपासणी, छातीचा सीटी स्कॅन, आणि गोळ्या. छातीचा सीटी कशाला असं मीही विचारलं, डोळ्याच्या आजारात छाती कुठून आली. तर छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, या आजारात बऱ्याचदा गडबड तिथे असते, आणि शंभरातल्या दहा ते पंधरा जणांना तिथे गाठ निघते. गाठ असली तर ती काढावीच लागते. नसली तरी माझ्यासारख्या, अँटीबॉडी पॉझिटिव्ह आणि आजार डोळ्यांपुरता न राहिलेल्या पेशंटना ग्रंथी काढल्याने फायदा होतो हे २०१६ मध्ये आलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलंय, असं त्यांनी सांगितलं. आणि हेही सांगितलं की हा निर्णय लवकर घेतलेला बरा, श्वासाचा त्रास झाला तर थेट व्हेंटिलेटर, आणि तो धोका आजाराच्या पहिल्या एक-दोन वर्षांत जास्त. म्हणून तुमचे "३ महिन्यांनी दाखवणे" वाचून माझ्या नवऱ्याने फाइल टेबलावर आपटली. तो तसा शांत माणूस आहे.

हे सगळं घेऊन मी परत तुमच्याकडे आले, कारण सीटी, ऑपरेशन, आयुष्यभराच्या गोळ्या हे १६,००० पगारात होत नाही आणि त्यासाठीच तर विमा आहे. तर दवाखाना म्हणतो न्यूरॉलॉजीला आम्ही थेट पाठवू शकत नाही, हॉस्पिटलचे फिजिशियन ठरवतील. हॉस्पिटलचे फिजिशियन म्हणतात दवाखान्याच्या चिठ्ठीवर वीकनेस लिहिलंय, वीकनेससाठी सुपरस्पेशालिटी कशी देऊ, चिठ्ठी बदलून आणा. दवाखाना म्हणतो बाहेरच्या रिपोर्टवरून आम्ही चिठ्ठी बदलत नाही. बरं मग तुम्ही तुमच्याकडून तपासणी करा, तर ती तपासणी इथे होत नाही, त्याला न्यूरॉलॉजिस्टने लिहून द्यावं लागतं. आणि न्यूरॉलॉजिस्टकडे जायला रेफरल लागतं. मी सोडा, हे तुम्ही एकदा स्वतःच मोठ्याने वाचून बघा.

दुसरी गोष्ट औषधांची. पायरिडोस्टिग्मिनची गोळी, ६० मिलिग्रॅमची, घेतल्यावर साधारण अर्ध्या तासात असर चालू आणि तीन-चार तासांत उतरतो, म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा. ही काही नवीन महागडी गोळी नाही, जुनी आहे, मेडिकलमध्ये मिळते. तुमच्या खिडकीवर मात्र "स्टोअरला नाही" आणि लोकल पर्चेससाठी, म्हणजे दवाखान्याने बाहेरच्या दुकानातून घेऊन द्यायला, पुन्हा तज्ज्ञाची चिठ्ठी. तज्ज्ञ कुठे आहे ते वर लिहिलंच आहे. बाहेरून घेतलेल्या गोळ्यांची बिलं जमा करायला गेले तर रेफरल नसताना झालेला खर्च मिळत नाही असं सांगितलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर आहे आणि तिच्याबद्दल मी हात जोडून सांगते. पावसाळ्यात खोकला झाला म्हणून आले होते तेव्हा मला लेव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं. या गटातली अँटिबायोटिक्स मायस्थेनियाच्या पेशंटचा अशक्तपणा एकदम वाढवू शकतात, श्वासापर्यंत जाऊ शकतं, अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्येच या गोळ्यांवर तसा ठळक इशारा छापायला लावलाय. अझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन, शिरेतून दिलं जाणारं मॅग्नेशियम, काही बीपीच्या गोळ्या, ही पण जपून द्यायची किंवा टाळायची. न्यूरॉलॉजिस्टनी दिलेली यादी माझ्या पर्समध्ये लॅमिनेट करून आहे म्हणून मी खिडकीवरूनच ती स्ट्रिप परत केली. फार्मासिस्ट दादांनी ओरडायच्या ऐवजी यादी वाचली आणि दुसरं विचारून दिलं, त्यांचे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानते. पण ज्या बाईला यादी मिळालेलीच नाही, कारण तिला रेफरलच मिळालं नाही, ती ती गोळी घरी जाऊन घेणार ना?

आता जरा हिशोबाचं. २१,००० पर्यंत पगार असलेल्या आम्हा लोकांचा हा विमा ऐच्छिक नाही, पगारातून आधी कापतात मग हातात देतात. जुलै २०१९ पासून कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. माझ्या १६,००० वर माझे १२० आणि कंपनीचे ५२०, महिन्याला ६४० रुपये, सहा वर्षं, एक महिना चुकला नाही. तर मी काही फुकट मागायला आलेले नाही, हे एवढ्यासाठी लिहिलं की टेबलावर "फुकट आहे म्हणून येतात" असं मी कानाने ऐकलंय. माझ्याबद्दल नव्हतं, माझ्या पुढच्या मावशींबद्दल होतं, त्यांना ऐकू कमी येतं ते बरं.

आणि आता ज्या गोष्टीने मी हे पत्र लिहायला घेतलं ती. योजनेत साधा आजारी लाभ वर्षाला ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के. त्याच्यापुढे दीर्घ आजारांसाठी वाढीव लाभ आहे, ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत, आणि त्यासाठी ३४ आजारांची यादी ठरलेली आहे. टीबी आहे, कॅन्सर आहे, अर्धांगवायू आहे, पार्किन्सन आहे. आणि त्याच्याच खाली, नसांच्या आजारात, मायस्थेनिया ग्रेव्हिस. नावानिशी. म्हणजे ज्या योजनेच्या दवाखान्यात मला सांगितलं जातं की असला आजार आम्ही ऐकला नाही, त्याच योजनेने हा आजार कामगाराला दोन-दोन वर्षं घरी बसवू शकतो हे कागदावर मान्य केलेलं आहे. ही यादी मला तुमच्या भिंतीवर दिसली नाही, भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्या आहेत. यादी मला युनियनच्या एका काकांनी व्हॉट्सॲपवर पाठवली.

पण यादीत नाव असून उपयोग काय, सर्टिफिकेटवर तुम्ही "जनरल डेबिलिटी" लिहिता आणि तीन दिवसांची रजा देता. एचआरला वाटतं ही बाई अधूनमधून अशक्तपणाची दांडी मारते. लाइनवरून काढून मला पॅकिंगला टाकलंय, उभं राहून बॉक्स उचलायचे. ज्या आजारात स्नायू वापरला की दमतो त्या आजाराच्या माणसाला. कंपनीला दोष देत नाही, त्यांच्याकडे तुमचाच कागद आहे.

काही जणांनी सल्ला दिला की दुर्मिळ आजारांचं सरकारी धोरण आहे ना, २०२१ चं, ५० लाखांपर्यंत मदत मिळते, मुंबईत केईएम त्याचं केंद्र आहे, तिथे जा. मी विचारून बघितलं. ते धोरण ठरलेल्या यादीतल्या आजारांसाठी आहे, बहुतेक जन्मापासूनचे, आनुवंशिक, लहान मुलांचे. त्यांना ते मिळतंय ते योग्यच. माझा आजार त्यात बसत नाही आणि मला ५० लाख नकोही आहेत. मला एका न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट हवी आहे.

एक गोष्ट जरा कडू लागेल. हा आजार बायकांना जास्त करून विशी ते चाळिशीत होतो आणि पुरुषांना साठीच्या पुढे. आता तुमच्या ओपीडीत तिशीतली बाई येऊन म्हणाली की थकायला होतं, संध्याकाळी जास्त होतं, बोलताना आवाज जातो, तर तुमच्या पेनातून काय उतरतं ते मला माहीत आहे, माझ्यासोबत लाइनवर काम करणाऱ्या सगळ्या जणींना माहीत आहे. आम्हाला सगळ्यांना वीकनेस असतो. रक्तही खरंच कमी असतं बऱ्याच जणींचं. म्हणून शंभरातल्या नव्याण्णव वेळा तुम्ही बरोबरच असाल, मी डॉक्टर नाही, तुमच्या रोजच्या दोनशे पेशंटांच्या रांगेचा राग मला कळतो, एका पेशंटला तीन मिनिटंही येत नाहीत हेही दिसतं. डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत त्या भरा अशी मागणी तुमच्यासाठी पण मी करीन, मोर्चाला येईन. पण गोळ्या देऊनही बाई परत परत तेच सांगत येत असेल तर तिला मिनिटभर छताकडे बघायला लावा.

माझ्या मागण्या लिहिते, लांबट नाहीत.

१. माझ्या फायलीवर न्यूरॉलॉजीचं रेफरल या आठवड्यात द्यावं, आणि न्यूरॉलॉजिस्ट लिहून देतील तो छातीचा सीटी आणि सर्जनचा सल्ला यासाठी मला पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरू करायला लावू नये.

२. द्यायचं नसेल तर का नाही ते लेखी द्यावं, खाली नाव, हुद्दा, तारीख, आणि याच्यावर अपील कुणाकडे करायचं ते. माहिती अधिकारात साधा कागद मागितला तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. रेफरल मागितलं तर किती दिवसांत, हे मी तीन टेबलांवर विचारलं, तिन्हीकडे हसले.

३. बाहेरच्या मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट असेल तर तो निदान वाचावा. खर्च देऊ नका हवं तर. शंका असेल तर स्वतःकडून पुन्हा तपासा, पण "चालत नाही" म्हणून बाजूला टाकू नका.

४. आयुष्यभराच्या आजाराला दर वेळी नवीन रेफरल नको, वर्षाचं एकदम द्या. गोळ्या महिन्याच्या एकदम द्या, आणि स्टोअरला नसतील तर लोकल पर्चेस त्याच दिवशी.

५. केसपेपरवर आणि कॉम्प्युटरवर माझ्या नावापुढे लाल अक्षरात "मायस्थेनिया, ही औषधं टाळा" एवढं टाका. हे सगळ्यात स्वस्त आहे आणि हे उद्या सकाळी होऊ शकतं.

६. ३४ आजारांची यादी मराठीत, दवाखान्याच्या भिंतीवर, केसपेपरच्या खिडकीजवळ.

पहिली मागणी माझी एकटीची आहे, बाकीच्या कुणाच्याही. हे पत्र वाचणाऱ्यांमध्ये कुणी असं असेल की ज्याच्या घरात संध्याकाळी पापणी पडते, एकाचे दोन दिसतात, जेवताना जबडा दमतो, तर त्यांनी रोज त्याच वेळेला व्हिडिओ काढून ठेवा, खाली तारीख वेळ येईल असा, आणि डॉक्टरांपुढे आजाराचं नाव उच्चारायला लाजू नका. आणि गिळताना ठसका लागतोय, झोपल्यावर दम लागतोय, एका श्वासात वीसपर्यंत आकडे मोजता येत नाहीत असं झालं तर रेफरलची वाट बघू नका, जे मोठं हॉस्पिटल जवळ असेल तिथल्या इमर्जन्सीत जा, कागदाचं नंतर बघू.

साहेब, हे पत्र मी तुमच्या कार्यालयात आवक नोंदवून दिलेलं आहे, पोच घेतली आहे, आणि सरकारच्या तक्रार पोर्टलवरही टाकलं आहे. येत्या सोमवारी मी शिफ्ट संपवून दुपारी चारला येईन, दवाखाना त्या वेळी बंद असतो हे मला माहीत आहे. पण कुणीतरी एक डॉक्टर दहा मिनिटं थांबा. सुट्टी टाकून, झोपून ताजी होऊन मी आता येणार नाही.

आपली,
एक विमाधारक कामगार, पुणे जिल्हा
(आयपी नंबर, म्हणजे माझा विमा क्रमांक, आवक प्रतीवर लिहिला आहे)